पथ्य कुणी मोडलं

फार वर्षांपूर्वी, दवाखाने शहरातसुद्धा मोजकेच होते तेव्हा, नदीकाठच्या एका गावात एक हडवैद्य राहत होता. कुणी झाडावरून पडलं, कुणाला बैलानं ढकललं, कुणी विहिरीच्या पायऱ्यांवर घसरलं की लोक त्याला उचलून आधी हडवैद्याच्या दारात आणायचे.

हडवैद्याचं सगळं ज्ञान त्याच्या बोटांत होतं. तो डोळे मिटायचा, सुजलेल्या हातावरून हळूच बोटं फिरवायचा आणि कातडीखाली हाड कुठे मोडलंय, कोणतं टोक कुठे सरकलंय, ते अचूक सांगायचा. मग त्याची बायको रोग्याला घट्ट धरायची आणि तो एक झटका द्यायचा. रोग्याची किंकाळी संपायच्या आत हाड जागेवर बसलेलं असायचं. त्यावर उडदाचं पीठ आणि अंड्यातला पांढरा भाग यांचा लेप, त्यावर जुन्या धोतराची पट्टी, वर बांबूच्या कामट्या आणि सुतळीची बांधणी. सव्वा महिना हात हलवायचा नाही. या सगळ्याबद्दल त्याच्या घराण्यात एक नारळ तेवढा घेत.

त्या घराण्यात एक रीत होती. दर पाडव्याला वैद्यानं चारचौघांसमोर आपल्या बोटांची परीक्षा द्यायची. पाटावर एक केस ठेवायचा आणि त्यावर खाऊचं पान झाकायचं. वैद्यानं डोळे मिटून पानावरून बोट फिरवायचं आणि खालचा केस कसा पडलाय ते सांगायचं. जमलं की वर दुसरं पान, मग तिसरं. हडवैद्याच्या वडिलांना सात पानांखालचा केस कळायचा असं म्हातारी माणसं सांगत. त्याला स्वतःला पाच पानांखालचा कळायचा, आणि हे गावानं आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पण ही गोष्ट घडली त्याच्या दोन वर्षं आधी औषधी तेल उकळताना कढई कलंडली आणि त्याचा उजवा हात पोळला. महिन्याभरात कातडी भरून आली. बोटांची टोकं मात्र बधिर राहिली.

"येईल हळूहळू," तो बायकोला म्हणाला.

त्या पाडव्याला परीक्षा झाली नाही, कारण हात नुकताच बरा झाला होता. पुढच्या पाडव्याला बायकोनं पानं धुऊन पाटाजवळ ठेवली, तर तो म्हणाला, "तीस वर्षं हाडं बसवतोय मी. आता काय केस हुडकत बसू?" ती पानं मग दोघांनी जेवण झाल्यावर खाऊन टाकली.

हाड बसवलं की हडवैद्य पथ्य सांगायचा. आंबट खायचं नाही, वांगं खायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, जड उचलायचं नाही, आणि असं बरंच काही. कधी एखाद्याचं हाड वाकडं जुळायचं. मग आठवडी बाजारात आपल्या नेहमीच्या दगडावर बसून हडवैद्य म्हणायचा, "पथ्य मोडलं असणार." लोक माना डोलवायचे. पथ्याची यादीच एवढी मोठी होती की सव्वा महिन्यात त्यातलं काही ना काही मोडलेलं असायचंच. त्यामुळे रोगीही खाली मान घालून निघून जायचा.

नदीपलीकडे मायाप्पा नावाचा एक धनगर होता. मेंढरांचे पाय बसवता बसवता तो माणसांचीही हाडं बसवायला शिकला होता. हडवैद्य त्याची फार चेष्टा करायचा. "जा की त्याच्याकडे," तो म्हणायचा, "बरे व्हाल, पण येताना बें बें करत याल." बाजार हसायचा. चेष्टा नदी ओलांडून मायाप्पाच्या कानावरही जायची.

गावाच्या टोकाला सगुणा नावाची एक बुरूडीण सासूबरोबर राहत होती. नवरा वारलेला, मूलबाळ नव्हतं. सुपं, टोपल्या, दुरड्या विणून ती दोघींचं पोट भरायची. तिच्या सुपाला पंचक्रोशीत मागणी होती. सासरी जाणाऱ्या मुलीला सगुणाच्या हातचं सूप द्यायचं, असं आया ठरवून ठेवायच्या. हडवैद्याला लागणाऱ्या कामट्याही तीच तासून द्यायची.

एकदा बांबूची गाडी उतरवताना भारा घसरला आणि सगुणाचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. तो बाजाराचा दिवस होता. लोकांनी तिला तशीच हडवैद्याच्या दगडाजवळ आणली. भोवती गर्दी जमली. हडवैद्यानं डोळे मिटले, बोटं फिरवली आणि झटका दिला. लेप झाला, पट्टी झाली, कामट्या बांधल्या.

सव्वा महिन्यानं बाजारातच कामट्या सुटल्या. हात सरळ दिसत होता. पण सगुणानं तळवा वर करायला घेतला तर तो अर्ध्यावरच अडला. काही केल्या वर वळेना.

"आंबट खाल्लंस का?" हडवैद्यानं विचारलं.

"नाही वैद्यबाबा."

"नीट आठव."

सगुणानं आठवलं. "बांधावरची दोन बोरं खाल्ली होती. आंबट नव्हती हो फार."

"झालं तर मग," हडवैद्य मोठ्यानं म्हणाला. "पथ्य मोडलं. मी तरी काय करणार?"

शेजारी मीठ विकणारा बसला होता. तो म्हणाला, "दोन बोरांत हात गेला म्हणायचा. सौदा महागात पडला."

सगळे हसले. सगुणानं हात पदराखाली घेतला आणि ती घरी गेली. घरी सासू वाटच बघत होती, कारण बातमी तिच्याआधी पोचली होती.

"जिभेला हाड नसतं म्हणतात," सासू म्हणाली, "पण तुझ्या जिभेनं हाताचंच हाड खाल्लं."

सूप विणताना प्रत्येक पट्टीला मनगट फिरवावं लागतं. तळवा खाली, तळवा वर, पुन्हा खाली. सगुणाचं सूप बंद झालं. ती कुंपणाच्या ताट्या बांधू लागली. ते काम कुणालाही जमतं, त्यामुळे त्याला कुणी विचारत नाही. आयांनी लेकींच्या लग्नासाठी दुसऱ्या गावाहून सुपं आणायला सुरुवात केली.

असे तीन महिने गेले. हडवैद्याच्या कामट्या संपल्या आणि त्यानं नेहमीप्रमाणे सगुणाला निरोप धाडला. ती दुपारी एक जुडी घेऊन आली. हडवैद्य ओसरीवर बसला होता. त्यानं एक कामटी उचलली, तिच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "छान. अगदी गुळगुळीत केल्या आहेस."

सगुणाला वाटलं तो चेष्टा करतोय. "गरिबाची थट्टा करू नका, बाबा. डाव्या हातानं तासल्यात. कुसं राहिलीत सगळीकडे."

"कुठे आहेत कुसं?" असं म्हणत त्यानं पुन्हा बोट फिरवलं.

आतून बायको पाणी घेऊन येत होती. ती जागीच थांबली. "अहो," ती म्हणाली, "बोटातून रक्त येतंय तुमच्या."

हडवैद्यानं खाली पाहिलं. त्याच्या तर्जनीत बांबूचं कूस आत शिरलं होतं, चांगलं अर्ध्या नखाएवढं. रक्ताची धार कामटीवरून ओघळत होती. त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

सगुणानं पुढे होऊन ते कूस डाव्या हाताच्या चिमटीत धरून काढलं. "काम करून करून निबर झाली हो बोटं," ती मायेनं म्हणाली. वैद्याच्या बायकोनं दिलेलं पाणी ती प्यायली आणि निघून गेली.

ती गेल्यावर हडवैद्यानं बोटावरचं रक्त पुसलं. मग तो म्हणाला, "पाट आण. आणि पान आण एक."

बायकोनं पाट मांडला. स्वतःचा एक केस उपटून त्यावर ठेवला, वर पान झाकलं. हडवैद्यानं डोळे मिटून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग डाव्या हाताच्या बोटानं पाहिलं, पण ते बोट कधी शिकलेलंच नव्हतं.

"पान काढ," तो म्हणाला.

तिनं पान काढलं. आता केस उघडा होता. हडवैद्यानं उजवं बोट पाटावरून या टोकाकडून त्या टोकाकडे नेलं. त्याला पाट लागला. तोही नुसता दाब म्हणून, एवढंच.

त्यानं डोळे उघडले. केस बोटाखालीच होता.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"मागच्या थंडीत कळलं मला," बायको म्हणाली. "तुम्ही उकळत्या वरणाच्या वाटीत बोट बुडवलंत आणि म्हणालात, गार झालंय, वाढ."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, येईल हळूहळू. मी वाट बघत राहिले." मग पदराला हात पुसत ती म्हणाली, "चुकलंच माझं. बोलायला हवं होतं."

हडवैद्याला तो बाजाराचा दिवस आठवला. सगुणाच्या हातावर त्यानं बोटं ठेवली होती आणि बोटांना काहीच कळलं नव्हतं. एक क्षण तो थांबला होता. पण भोवती माणसं उभी होती, आणि तीस वर्षांत तो कधी थांबला नव्हता. म्हणून त्यानं अंदाजानं झटका दिला होता. तो क्षण त्याला तेव्हा कळला होता. पुढे त्यानं तो विसरून टाकला होता, आणि बोरं सापडल्यावर तर विसरणं फारच सोपं झालं होतं.

"आता काय करणार?" बायकोनं विचारलं.

"तिला मालिशचं तेल देतो. वर्षभर पुरेल एवढं."

"तेलानं हाड फिरतं?"

हडवैद्य उठला. तेलाची बुधली घेऊन तो सगुणाच्या घरी निघाला.

सगुणा दारात ताटी बांधत होती. वैद्य स्वतः आलेला पाहून ती गडबडून उठली. तेल कशासाठी आहे ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही कशाला त्रास घेतला, बाबा? चूक माझी. त्या बोरांची मला रोज आठवण येते. आता मी घरात चिंचसुद्धा ठेवत नाही. सासूबाई आमटीत आमसूल मागतात, तेही घालत नाही. जीभ आवरता आली असती तर..."

हडवैद्यानं बुधली खाली ठेवली. तेल देऊन परत जायचं, एवढंच तो ठरवून आला होता. पण हे ऐकून त्याला परत फिरवेना. तो तिच्या उंबऱ्यावर बसला.

"बोरांनी काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुझं हाड मी चुकीचं बसवलं. माझ्या बोटांना कळत नाही आता."

सगुणानं विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज दुपारी."

"खरं?"

हडवैद्यानं खाली पाहिलं. "पुरतं आज कळलं. थोडं त्याच दिवशी कळलं होतं. हाड बसवतानाच."

सगुणाच्या चेहऱ्यावरची माया गेली. ती शांतच बोलली, पण प्रत्येक शब्द तासून काढल्यासारखा होता.

"तीन महिने मी दोन बोरांसाठी रडतेय. सासूचं ऐकतेय. बाजारात बायका मला बघून बोरं विकत घेतात आणि हसतात. बोरं खाल्ली हे तुम्ही बाजारात बोललात, बाबा. बोटं गेली हे माझ्या उंबऱ्यावर सांगताय."

ती ताटी बांधायला बसली. तिनं पुन्हा मान वर केली नाही.

हडवैद्य घरी आला. बाजाराला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत तो नीट जेवला नाही. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, तीस वर्षांत दारात आलेले लोक, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. बोललं की हे सगळं संपणार होतं. आणि नाही बोललं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. सगुणानं गावात सांगितलं असतं तरी लोक वैद्यावरच विश्वास ठेवणार होते. हेच त्याला सगळ्यात जास्त टोचत होतं.

"तुम्ही बाजारात बोलला नाहीत तरी मी काही म्हणणार नाही," बायको म्हणाली.

"म्हणशील," हडवैद्य म्हणाला. "तोंडानं नाही म्हणणार."

बाजाराच्या दिवशी तो आपल्या दगडाजवळ गेला. सुजलेलं मनगट घेऊन एक माणूस आधीच तिथे बसला होता. त्यानं हात पुढे केला. हडवैद्यानं आपला हात पुढे केला नाही. तो दगडावर उभा राहिला. लोकांना वाटलं काही दवंडी असेल, म्हणून आवाज जरा थांबला.

"हे कसं बोलावं ते मला कळत नाही," हडवैद्य म्हणाला. "माझी बोटं पोळल्यापासून बधिर आहेत. दोन वर्षं मी अंदाजानं हाडं बसवतोय. सगुणाचा हात बोरांनी गेला नाही. तिनं पथ्य मोडलं नाही. वैद्याचंही एक पथ्य असतं, बोटांना कळत नसेल तर हात लावायचा नाही. ते मी मोडलं. या दोन वर्षांत ज्यांची हाडं वाकडी जुळली, त्यांच्यापैकी कुणाचीही चूक नाही."

मग मीठवाला म्हणाला, "म्हणजे माझा खांदा?"

दोघं चौघं हसले.

"तुझा खांदाही दाखवून घ्यायला हवा," हडवैद्य म्हणाला. "तो मी मागच्या दिवाळीत बसवला."

हसणं थांबलं. मीठवाल्यानं आपला खांदा चाचपला.

एक म्हातारा पुढे आला. "तुझा बाप असता तर त्याला काय वाटलं असतं रे? असं कुणी आपल्या तोंडानं सांगतं?" असं म्हणून तो तरातरा निघून गेला. एका बाईनं आपल्या आईच्या गुडघ्याबद्दल हडवैद्याला फार वाईट शब्द वापरले. तो ऐकत उभा राहिला. सुजलेल्या मनगटाचा माणूस कधीच उठून गेला होता. हळूहळू लोक पांगले आणि दगडाभोवती जागा मोकळी झाली. इतकी मोकळी जागा तिथे त्यानं कधी पाहिली नव्हती.

सगुणा पलीकडे आपल्या ताट्यांजवळ सासूबरोबर बसली होती. तीन महिने पदराखाली असलेला तिचा उजवा हात आता मांडीवर उघडा होता. सासूनं जमिनीकडे पाहत ताट्या मोजायला घेतल्या.

हडवैद्य त्यांच्यापाशी गेला. "सगुणा, हा हात अजून नीट होऊ शकेल. माझ्याकडून नाही. मायाप्पाकडे चल."

"मेंढरांच्या वैद्याकडे?"

"हो."

"येताना बें बें करत येऊ?" सगुणानं विचारलं. ती हसली नव्हती.

"मी करीन," हडवैद्य म्हणाला. "तू फक्त चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नावेतून नदी उतरून गेली. मायाप्पा एका मेंढीची लोकर कातरत होता. त्यानं वर पाहिलं आणि कात्री थांबवली.

"कोण, वैद्यबुवा? वाट चुकलात की काय?"

"नाही. तुझ्याकडेच आलोय."

"मेंढरू मोडलं का एखादं?"

"माणूस मोडलंय," हडवैद्य म्हणाला. "मी मोडलंय. तू बघ."

मायाप्पाच्या ओठांवर आणखी एक टोमणा आला होता. कित्येक वर्षं त्यानं तो जपून ठेवला असणार. पण हडवैद्याचा चेहरा बघून त्यानं तो गिळला. हात धुतले आणि सगुणाचा हात आपल्या मांडीवर घेतला. त्यानं डोळे मिटले नाहीत. मेंढरं दुखणं बोलत नाहीत, म्हणून त्याला तोंडाकडे बघायची सवय होती. तो सगुणाच्या तोंडाकडे बघत बघत बोटं फिरवत होता.

"इथे एक टोक दुसऱ्यावर चढून जुळलंय," तो म्हणाला. "सरळ करायचं तर जुळलेलं आधी पुन्हा मोडावं लागेल."

सगुणाचा चेहरा उतरला. "दुखेल?"

"पहिल्यापेक्षा जास्त. खोटं कशाला सांगू?"

ती उठली आणि वाड्यातल्या मेंढरांजवळ जाऊन बसली. बराच वेळ बसली. हाताचं दुखणं आता थांबलं होतं. आहे तसा हात ठेवला तर निदान दुखणार तरी नव्हतं, आणि ताट्या बांधून पोट भरतच होतं. हडवैद्य आणि मायाप्पा दोघांपैकी कुणीही तिला घाई केली नाही.

मग ती परत आली. "मोडा," ती म्हणाली. "पण मला धरायला वैद्यबाबाच हवेत. मी कशी ओरडते ते त्यांनी जवळून ऐकायला हवं."

हडवैद्यानं तिला धरलं. तीस वर्षं तो झटका देत आला होता, धरायचं काम बायकोचं होतं. झटका देणाऱ्याचं काम क्षणात संपतं. धरणाऱ्याच्या अंगात मात्र रोग्याचं सगळं थरथरणं उतरतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. सगुणा ओरडली, त्याच्या खांद्यात तिची नखं रुतली, आणि तिनं त्याला जे शब्द वापरले ते तिनं आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. त्यानं हात सैल केला नाही.

मायाप्पानं हाड बसवलं. लेप मात्र हडवैद्यानं लावला, कारण तो त्यालाच चांगला येत होता.

"पथ्य काय?" सगुणानं थकलेल्या आवाजात विचारलं.

"हात हलवायचा नाही. बाकी खा काय खायचं ते."

"बोरं?"

"गोड असली तर मलाही आण," मायाप्पा म्हणाला.

पुढचा सव्वा महिना हडवैद्य रोज सगुणाच्या घरी जायचा. तिच्या वाटचं पाणी त्याची बायको भरायची आणि बांबू तो फाडायचा. त्याला ते काम येत नव्हतं. सासू ओसरीवरून बघत म्हणायची, "हाडं सरळ नाही जमली, निदान बांबू तरी सरळ फाडा." तो पुन्हा सुरुवात करायचा. पहिले पंधरा दिवस सगुणा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. सोळाव्या दिवशी म्हणाली, "कोयता असा नाही धरायचा, बाबा," आणि डाव्या हातानं कसा धरायचा ते दाखवलं.

कामट्या सुटल्या तेव्हा मायाप्पा नदी उतरून इकडे आला होता. सगुणानं हात पुढे केला आणि तळवा हळूहळू वर वळवला. तो अडला नाही. अगदी पूर्वीसारखा नाही, शेवटचं थोडंसं राहिलं. पण सूप विणण्यापुरता वळला. सासू तोंडाला पदर लावून आत गेली. थोड्या वेळानं तिनं आमसुलाची आमटी करून सगळ्यांना जेवायला वाढलं, आणि सगुणाच्या वाटीत दोनदा वाढली.

"हात आला, बाबा," सगुणा हडवैद्याला म्हणाली. "राग अजून थोडा आहे."

"असू दे," हडवैद्य म्हणाला. "त्याला घाई नको."

त्यानंतर हडवैद्यानं कुणाचंही हाड बसवलं नाही. त्या दोन वर्षांत ज्यांची हाडं बसवली होती, त्या सगळ्यांच्या घरी तो एकेक करून गेला. वाकडी जुळलेली सात माणसं निघाली. त्यांना घेऊन तो नदीपलीकडे गेला. चार जणं बरी झाली. दोघांनी पुन्हा मोडून घ्यायला नकार दिला, आणि एका म्हातारीचा गुडघा फारच उशीर झाल्यामुळे तसाच राहिला. तिची लेक शेवटपर्यंत त्याच्याशी बोलली नाही, आणि त्यानंही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीठवाल्याचा खांदा तेवढा अगदी ठणठणीत निघाला. तरी तो प्रत्येक बाजारी तो दाखवायला यायचा.

काही दिवस दगडाभोवती कुणी फिरकलं नाही. मग एकेक माणूस येऊ लागला. कुणी विचारायचं, हे मोडलंय की नुसतं मुरगळलंय? सूज आणि रंग बघून सांगता येत असेल तर हडवैद्य सांगायचा. नसेल तर म्हणायचा, "मला कळत नाही. मायाप्पाकडे जा." आणि त्याला एक गोष्ट दिसली. पूर्वी लोक त्याचं ऐकायचे, पण घरी जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारायचे. आता तो "काळजीचं कारण नाही" म्हणाला की लोक घरी जाऊन शांत झोपायचे.

असं एक वर्ष गेलं. एका बाजाराच्या दिवशी मायाप्पा स्वतः नदी उतरून बाजारात आला. त्याच्या मागे एक कुंभार काठी टेकत चालत होता. कुंभाराचा घोटा चार महिन्यांपूर्वी मायाप्पानं बसवला होता. आता त्याचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं.

"माझंच चुकलं असणार," कुंभार चालता चालता भेटेल त्याला सांगत होता. "पायाला जरा बरं वाटलं की चाकावर बसायची सवय आपली."

मायाप्पा हडवैद्याच्या दगडाजवळ येऊन उभा राहिला. त्यानं घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तोंड उघडलं आणि मिटलं. लोक थांबून बघू लागले. पलीकडे सगुणा एका नवरीच्या आईला सूप दाखवत होती, तिचाही हात थांबला.

हडवैद्य दगडावर थोडा सरकला आणि त्यानं आपल्या शेजारी जागा केली.

"बस," तो हळूच म्हणाला. "पहिलं वाक्य मलाही येत नव्हतं. पुढची येतात."

मायाप्पा बसला. त्यानं एकदा कुंभाराच्या पायाकडे पाहिलं, एकदा बाजाराकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या माणसाचं काही चुकलेलं नाही."

तात्पर्य: आपल्या चुकीचा दोष ज्या ठिकाणी दुसऱ्याला लावला, त्याच ठिकाणी उभं राहून तो परत घ्यावा. असं एका माणसानं केलं की पुढच्या माणसाला ते थोडं सोपं जातं, आणि माणसं बरी होऊ लागतात.